वर्गातील हुशार मूल कोण शोधते?

लुईस टर्मन हे अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ. बुद्ध्यंक मोजण्याची पद्धत त्या देशात रुजविण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९२१ साली त्यांनी कॅलिफोर्नियातील शाळांमधून असामान्य बुद्धीची मुले शोधून काढण्याचे आणि पुढे आयुष्यभर त्यांचा मागोवा घेण्याचे काम हाती घेतले. प्रत्येक मुलाची चाचणी घेणे आवाक्याबाहेरचे होते. म्हणून त्यांनी वर्गशिक्षकांनाच विचारले : तुमच्या वर्गातील सर्वांत हुशार मूल कोणते, दुसऱ्या क्रमांकाचे कोणते, तिसऱ्या क्रमांकाचे कोणते? जोडीला एक वेगळाच प्रश्न होता. वर्गात वयाने सर्वांत लहान मूल कोणते? या चार नावांची मग चाचणी होई. १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात टर्मन यांनी जो निष्कर्ष नोंदवला तो वाचून शिक्षकांना राग यावा. तीसपन्नास मुलांच्या वर्गातील सर्वांत बुद्धिमान मूल हुडकायचे असेल तर शिक्षकांचे मत विचारण्यापेक्षा पटावरील जन्मतारखा पाहिलेल्या बऱ्या, असा त्याचा आशय होता.

कारण उघड आहे. शिक्षक मुलाची तुलना वर्गातील इतर मुलांशी करतात, त्याच्या वयाशी करीत नाहीत. नऊ वर्षांचे मूल अकरा वर्षांच्या मुलांत बसून त्यांच्या बरोबरीने गणिते सोडवीत असेल, तर ते शिक्षकांना 'बरे' वाटते. त्यात काही विशेष आहे हे लक्षात येत नाही. (आपल्याकडे मात्र हा उपाय करून पाहू नये. आपल्या जुन्या पटांवर अर्धा वर्ग १ जूनला जन्मलेला असे, आणि तो मुहूर्त गुरुजींनीच काढलेला असे!)

टर्मन यांची चाळणीही काही निर्दोष नव्हती. विल्यम शॉकली आणि लुई अल्वारेझ या दोन मुलांची चाचणी घेऊन त्यांना अपात्र ठरवण्यात आले. शॉकली यांना १९५६ साली आणि अल्वारेझ यांना १९६८ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. निवडलेल्या सुमारे दीड हजार मुलांपैकी एकालाही ते मिळाले नाही. हा किस्सा नेहमी सांगितला जातो आणि त्यावर हसून लोक पुढे जातात. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते दुसरेच. शॉकली आणि अल्वारेझ निदान चाचणीपर्यंत तरी पोहोचले. ज्यांचे नाव कोणीच घेतले नाही त्या मुलांचे काय झाले याची नोंद कोठे असणार?

या प्रश्नाचे उत्तर मिळायला जवळजवळ ऐंशी वर्षे लागली, आणि ते मिळाले तेही अपघाताने. या लेखात मी प्रामुख्याने त्याविषयी लिहिणार आहे. उदाहरण अमेरिकेचे आहे, पण त्यातील चूक आपण रोज करतो.

अमेरिकेत सरकारी शाळांमधून 'गिफ्टेड' म्हणजे विशेष बुद्धीच्या मुलांसाठी वेगळे कार्यक्रम चालतात. नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. बहुधा प्राथमिक शाळेतच मुलावर हा शिक्का बसतो आणि त्याचे खरे फळ 'मिडल स्कूल'मध्ये, म्हणजे आपल्या सहावी ते आठवीत दिसते. तेथे गणिताच्या दोन-तीन वाटा फुटतात. काही मुले आठवीतच बीजगणित पुरे करतात, बाकीची नववीत त्याला हात घालतात. आठवीत बीजगणित झालेले मूल शालेय शिक्षण संपण्यापूर्वी कलनशास्त्रापर्यंत पोहोचते आणि विज्ञान-अभियांत्रिकीच्या दारात उभे राहते. दुसऱ्या वाटेच्या मुलाला ते अवघड जाते. बारा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत घेतलेला निर्णय असा दूरवर जातो. या वर्गांमधून गरीब घरांतील, कृष्णवर्णीय आणि स्पॅनिश भाषक कुटुंबांतील मुले फार थोडी दिसतात, ही तक्रार जुनी आहे.

फ्लॉरिडा राज्यात ब्रोवर्ड हा एक मोठा शालेय जिल्हा आहे. अडीच लाखांच्या आसपास विद्यार्थी असलेला हा जिल्हा देशातील सर्वांत मोठ्या जिल्ह्यांत मोडतो. त्या राज्याच्या नियमानुसार विशेष कार्यक्रमासाठी बुद्ध्यंक १३० हवा. सरासरी १०० असते आणि गुणांचा विखार लक्षात घेता १३० किंवा त्याहून वर शंभरात दोन-तीनच मुले असतात. पण चाचणी मानसशास्त्रज्ञाने एकेका मुलाला समोर बसवून घ्यायची. मग मुलाला त्याच्याकडे पाठवायचे कोणी? शिक्षकांनी, नाहीतर पालकांनी. ऐपत असलेले पालक खाजगी मानसशास्त्रज्ञ गाठत. बुद्ध्यंकांची आकडेवारी नंतर तपासली गेली तेव्हा १३० च्या किंचित वरच्या बाजूला गुणांची संशयास्पद गर्दी आढळली! प्रयोगशाळेतले एखादे उपकरण १२९ आणि १३० यांतला फरक एवढ्या आत्मविश्वासाने आणि नेमका सोयीच्या बाजूला दाखवू लागले, तर आम्ही ते दुरुस्तीला पाठवतो.

ही विषमता अधिकाऱ्यांना दिसत नव्हती असे नाही. १९९१ पासून फ्लॉरिडाने जिल्ह्यांना मुभा दिली होती की गरीब मुलांसाठी आणि इंग्रजी नुकतीच शिकणाऱ्या मुलांसाठी वेगळा निकष ठेवावा. ब्रोवर्डने त्यांच्यासाठी पात्रतेची रेषा ११६ वर आणली. देशपातळीवर पाहता शंभरात सुमारे चौदा मुले या रेषेच्या वर असतात. एवढी सवलत दिल्यावर वर्ग गरीब मुलांनी भरून जायला हवे होते. तसे झाले नाही. अडथळ्याची उंची कमी केली, पण अडथळ्यापर्यंत जाणारा रस्ता पूर्वीचाच राहिला. ज्या मुलाला कोणी चाचणीला पाठवतच नाही, त्याच्या दृष्टीने रेषा ११६ वर आहे की १३० वर याला काही अर्थ नाही. सवलती देऊन समाधान मानणाऱ्या आपल्याकडच्या योजनाकारांनीही या वाक्यापाशी थोडे थांबावे.

२००५ साली जिल्ह्याने एक साधी गोष्ट केली. दुसरीतील सर्व मुलांना, कोणाचीही शिफारस न विचारता, वर्गातच एक छोटी चाचणी दिली. तिच्यात शब्द नव्हते. आकृत्यांचे नमुने होते आणि रिकाम्या जागी कोणती आकृती बसेल ते ओळखायचे होते. जी मुले ठरलेल्या गुणांच्या वर गेली त्यांनाच पुढे मानसशास्त्रज्ञाकडे, फुकट, पाठवण्यात आले. अंतिम निकष बदलला नाही. १३० तेच राहिले आणि ११६ तेच राहिले. बदलले ते एवढेच की दार ठोठावण्याचे काम मुलाच्या घरच्यांवर राहिले नाही.

डेव्हिड कार्ड आणि लॉरा ज्युलियानो या दोन अर्थशास्त्रज्ञांनी त्यानंतरच्या नोंदी तपासून २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. (कार्ड यांना २०२१ साली नोबेल मिळाले ते श्रमाच्या अर्थशास्त्रातील कामासाठी. पण असे आपोआप घडून आलेले 'प्रयोग' वाचण्याची त्यांची हातोटी दोन्हीकडे तीच आहे.) स्पॅनिश भाषक कुटुंबांतील मुलांपैकी पूर्वी शेकडा सुमारे २ मुले विशेष ठरत, ती आता सुमारे ६ ठरू लागली. कृष्णवर्णीय मुलांचे प्रमाणही बरेच वाढले. गोऱ्या मुलांचे प्रमाण ६ वरून ८ वर गेले, म्हणजे त्यांच्यातलीही काही निसटत होतीच. जुन्या पद्धतीत कोण सुटत होते याचीही यादी या अभ्यासातून मिळाली : गरीब मुले, कृष्णवर्णीय मुले, घरी दुसरी भाषा बोलणारी मुले आणि मुली.

मुली! शिक्षक त्यांच्यावर नाराज असतात असे कोणी म्हणणार नाही. वह्या नीट, वागणे नीट. पण नीट वागणे हा 'कष्टाळू' असण्याचा पुरावा मानला जातो आणि प्रश्नाचे उत्तर मध्येच ओरडून सांगणारा मुलगा 'हुशार' ठरतो. दोघांचे गुण सारखेच असतात, पण आपण दोघांसाठी वेगळी विशेषणे वापरतो. तुमच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकांतील शेऱ्यांचा रकाना या दृष्टीने एकदा वाचून पाहावा.

या गोष्टीचा शेवट मात्र चांगला झाला नाही. अमेरिकेतील आर्थिक मंदीनंतर जिल्ह्याकडे पैसा कमी पडू लागला. सर्वांची चाचणी घ्यायची म्हणजे पुढे मानसशास्त्रज्ञांचे कामही वाढते. २०१० च्या सुमारास ही चाळणी थांबवण्यात आली आणि विषमता पूर्वीच्या जागी परत आली. संशोधकाच्या दृष्टीने हा पुरावा आणखी पक्का झाला. कळ दाबली की दिवा लागतो आणि सोडली की विझतो, म्हटल्यावर तारेबद्दल शंका राहात नाही. पण त्या वर्षी दुसरीत असलेल्या मुलांना या पुराव्याचा काय उपयोग?

येथे शिक्षकांवर पक्षपाताचा आरोप करून मोकळे होणे सोपे आहे. मला ते योग्य वाटत नाही. व्हँडरबिल्ट विद्यापीठातील अभ्यासकांनी देशपातळीवरची आकडेवारी पाहिली, तेव्हा वाचन आणि गणित यांत सारखेच गुण असलेल्या मुलांतही कृष्णवर्णीय मुलांना विशेष कार्यक्रमात जागा मिळण्याची शक्यता कमी होती, आणि शिक्षक स्वतः कृष्णवर्णीय असले की हा फरक बराच कमी होत होता. याचा अर्थ बाकीचे शिक्षक दुष्ट आहेत असा नाही. ओळखीच्या रूपातली हुशारी आपल्याला पटकन दिसते, एवढेच त्यातून कळते. आपण स्वतः लहानपणी जसे होतो, आपली मुले जशी बोलतात, तशी बोलणारी मुले आपल्याला चुणचुणीत वाटतात. सवयीमुळे हे होते. ही सवय उपदेश करून जात नाही. तिला वळसा घालणारी व्यवस्था करावी लागते. दुहेरी अंध चाचणीची पद्धत वैद्यकाने स्वीकारली ती डॉक्टर अप्रामाणिक असतात म्हणून नव्हे.

आता एक अवघड प्रश्न. एवढा खटाटोप करून ज्या वर्गात जागा मिळवायची, त्या वर्गाने मुलाचे काही भले होते का?

ब्रोवर्डमध्येच याचे उत्तर शोधता आले, आणि ते मला सर्वांत उद्‌बोधक वाटते. तेथे नियम असा होता की शाळेत चौथीत एक जरी 'विशेष' मूल असेल, तरी त्याच्यासाठी वेगळा वर्ग काढायचा. पण एकदोन मुलांचा वर्ग कसा चालवणार? म्हणून उरलेल्या जागा त्याच शाळेतील, विशेष न ठरलेल्या, पण आदल्या वर्षीच्या परीक्षेत वरचे गुण मिळवलेल्या मुलांनी क्रमाने भरायच्या. समजा, अशा वीस जागा आहेत. मग विसाव्या क्रमांकाचे मूल आत जाते आणि एकविसाव्याचे बाहेर राहते. या दोघांत खरे म्हणजे काहीच अंतर नसते. एखादे गणित चुकले, एखाद्या दिवशी ताप आला, एवढाच फरक. अशा अनेक शाळांतील रेषेच्या अलीकडची आणि पलीकडची मुले एकत्र करून पाहिली, की पुढे पडलेले अंतर हे त्या वर्गाचेच, असे म्हणता येते.

गोऱ्या मुलांच्या बाबतीत विशेष फरक दिसला नाही. पण कृष्णवर्णीय आणि स्पॅनिश भाषक कुटुंबांतील मुलांचे वाचन व गणिताचे गुण अर्ध्या प्रमाण विचलनाने वाढले. म्हणजे शंभर मुलांत मधोमध, पन्नासाव्या क्रमांकावर असणारे मूल एकतिसाव्या क्रमांकाच्या आसपास आले असे समजा. सहावीपर्यंत ही वाढ टिकून होती. आणि सामान्य वर्गात मागे राहिलेल्या मुलांचे नुकसान झाल्याचे दिसले नाही.

उलट, ज्या मुलांना बुद्ध्यंकाच्या रेषेवरून आत घेतले होते त्यांच्यापैकी रेषेलगतच्या मुलांच्या परीक्षेतील गुणांवर म्हणण्यासारखा परिणाम आढळला नाही. ज्यांच्या नावाने वर्ग निघाला त्यांना फारसा लाभ नाही, आणि जागा भरायला म्हणून घेतलेल्यांना एवढा लाभ! मग 'विशेष बुद्धी' नावाची वस्तू शोधण्यावर एवढा खर्च कशासाठी? ज्या मुलाने मिळेल त्या शिक्षणातून आजवर चांगले काम करून दाखवले आहे त्याला पुढचे काम द्यावे, हा निकष साधा आहे आणि स्वस्तही आहे. प्रज्ञा ही मुलाच्या डोक्यात आधीच ठेवलेली ठेव आहे आणि आपण फक्त ती उकरून काढायची, ही समजूत मला पूर्वीही पटत नव्हती. या आकड्यांनी ती आणखी ढिली झाली.

नॉर्थ कॅरोलायना राज्यातील वेक जिल्ह्याने २०१० पासून मिडल स्कूलमध्ये नेमके हेच केले. गणिताच्या वेगवान वाटेवर कोण जाणार हे शिक्षकांच्या शिफारशीऐवजी मुलाच्या आधीच्या सर्व परीक्षांच्या गुणांवरून ठरू लागले. बीजगणिताच्या परीक्षेत यश मिळण्याची शक्यता ७० टक्क्यांहून अधिक दिसली की मुलाला त्या वर्गात घालायचे. परिणाम अपेक्षेप्रमाणे झाला. मुलाची वाट घरच्या उत्पन्नावरून आणि वर्णावरून ठरण्याचे प्रमाण कमी झाले आणि गणितातील तयारीवरून ठरण्याचे वाढले. आठवीत बीजगणिताकडे जाणाऱ्या मुलांची संख्या वाढली, आणि त्याबरोबर त्या वर्गांतील गर्दीही वाढली. असे फुकट काही मिळत नाही.

या साऱ्यावर आक्षेप आहेत. आयोवा विद्यापीठाचे डेव्हिड लोमन यांनी शब्दविरहित चाचण्यांवर कडक टीका केली. आकृत्या ओळखता येणे आणि शाळेतला विषय आत्मसात करता येणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि शब्द काढून टाकले म्हणजे चाचणी सर्वांना सारखी होते हा भ्रम आहे, असे त्यांचे म्हणणे. ते मला बरेचसे मान्य आहे. दुसरा पक्ष म्हणतो, हे वेगळे वर्गच बंद करा. त्यांचा संताप समजतो, पण सरकारी शाळेतील दार बंद केले तर ऐपतीचे पालक दुसरे दार विकत घेतात, आणि ज्यांच्याकडे तेवढे एकच दार होते ती मुले बाहेर राहतात. ब्रोवर्डच्या चौथीतील आकडे या पक्षाने फेटाळण्यापूर्वी नीट पाहावेत.

आपल्याकडे वळू. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून नवोदय विद्यालये देशभर पसरली. त्यांपैकी प्रायोगिक म्हणून सर्वांत आधी निघालेल्या दोन शाळांतली एक आपल्या अमरावतीची. सहावीत प्रवेश, निवासी, विनामूल्य. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना आणि एक तृतीयांश मुलींना. कल्पना उत्तम आहे, आणि तिने अनेकांची आयुष्ये घडवली आहेत. शिष्यवृत्ती परीक्षा तर आपल्याकडे त्याहून जुनी. ती चौथी-सातवीला असावी की पाचवी-आठवीला यावर आपण बराच खल केला, इयत्ता बदलल्याही. पण या सर्व परीक्षांत एक गोष्ट समान आहे. त्या अर्जाने सुरू होतात. अर्ज भरला तर मूल प्रज्ञावंत आहे की नाही हे पाहिले जाणार. न भरणाऱ्याची नोंद कोठल्याही निकालपत्रकात नसते, आणि निकालाची टक्केवारी चांगली दिसावी म्हणून 'कच्ची' मुले न बसवणारी शाळा वर्तमानपत्रात शंभर टक्के निकालाची जाहिरात करते. अनेक जिल्हा परिषद शाळांतील शिक्षक अख्खा वर्ग परीक्षेला बसवतात हे मला ठाऊक आहे. त्यांचा निकाल शेकडेवारीत कमी दिसतो आणि सभेत त्यांनाच जाब विचारला जातो.

चौथीत असताना आमच्या गुरुजींनी शिष्यवृत्तीच्या जादा तासाला पाच मुले निवडली. मी त्यांत होतो. माझे वडील तालुक्याच्या कचेरीत होते आणि गुरुजींची कामे तेथे पडत. गुरुजी भले होते, मन लावून शिकवत, आणि त्यांनी मला मुद्दाम घेतले असे मला आजही वाटत नाही. मी त्यांच्या डोळ्यांसमोर होतो इतकेच. माझ्या शेजारी बसणारा मुलगा आठवडी बाजारात आईबरोबर भाजी विकायला बसे. सव्वापावशेर, दीडपाव, सुटे किती परत द्यायचे, हे तो माझ्याआधी सांगे. शाळा सुटली की तो घरी जाई आणि आम्ही पाच जण थांबत असू. मला शिष्यवृत्ती मिळाली. त्याला मिळाली असती की नाही, हे मी सांगू शकत नाही, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे.

आता वाचक शिक्षकांना एक विनंती. शिष्यवृत्तीच्या वर्गाला शिकवणाऱ्या शिक्षकांनी या वर्षी अर्ज भरण्यापूर्वी आपल्या मते पहिली पाच मुले कोणती, ती नावे एका कागदावर लिहावीत, कागद पाकिटात बंद करून त्यावर तारीख घालावी व मुख्याध्यापकांकडे ठेवावा. मग वर्गातील सर्व मुलांचे अर्ज भरावेत आणि जादा तासालाही सर्वांना बसू द्यावे. निकाल लागल्यावर पाकीट उघडावे आणि यादीतील किती मुले पहिल्या पाचांत आली, बाहेरची किती आली, बाहेरच्यांत मुली किती, एवढे तीन आकडे पटसंख्येसह या मासिकाच्या पत्त्यावर पाठवावेत. मुलांची व शाळेची नावे नकोत. यादी चुकली म्हणून पत्र पाठवायचे राहू नये. चुकलेल्या याद्याच अधिक हव्या आहेत.